रुपया १८६२ चा, मग त्यावर १८४६ कुणी कोरलं?

आमच्या घरात एक राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेला, रुपया आहे. वर कडी झाळलेली, राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत बारीक ठिपक्यांनी 'चि. गो' असं घातलेलं आणि त्याखाली '१८४६'. उलट बाजूला टांकसाळीने छापलेलं नाण्याचं स्वतःचं साल आहे १८६२. सोळा वर्षांनी जन्माला येणाऱ्या नाण्यावर आधीच साल घालून ठेवणारा हा कोण शहाणा, यावर दिवाळीत एकदा तरी चर्चा व्हायची. थोरल्या काकांचं म्हणणं ठरलेलं: "कोरणाऱ्याला लिहाय-वाचायला येत नव्हतं."

आम्ही विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, तासगाव, तिकडे खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे सांगली-साताऱ्याच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करायचं, टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, काढायचा, लगड (धातूची कांडी) करून द्यायची. आमच्याही घरातली दोन माणसं कोइमतूरला याच कामात आहेत. त्यामुळे नावं कोरलेली नाणी मी लहानपणापासून बघतोय, आणि त्यातली बहुतेक मुशीत जातानाच. संग्राहकाला कोरलेलं नाणं 'खराब' वाटतं, सराफ वजनाचे पैसे देतो आणि घरच्यांना ते नाव कुणाचं हे ठाऊक नसतं. तिघांनाही नको असलेली वस्तू भट्टीकडे जाते, त्यात नवल काय!

अशा नाण्याला जन्म दोनदा मिळालेला असतो. एकदा टांकसाळीत आणि दुसऱ्यांदा तांबटाच्या किंवा सोनाराच्या हातात. या दोन तारखा वेगळ्या धरल्या की निम्मा गुंता सुटतो. नाण्यावरचं साल एवढंच सांगतं की कोरकाम त्याआधी झालेलं नाही. नंतर कधी, ते कोरलेल्या रेघांना विचारायचं. रुपया पेटीत पन्नास वर्षं पडून राहून मग नातवाच्या बारशाला बाहेर निघू शकतो.

त्यातही गंमत म्हणजे छापलेलं सालसुद्धा दर वेळी खरं नसतं. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखा रुपया काढला. १८४० साल असलेला राणीचा रुपया पुढे वीसेक वर्षं त्याच सालाने पडत राहिला. १८६२ चंही तसंच. ते साल गोठवून ठेवलं होतं आणि १८७४ पासून दर वर्षीचं खरं साल यायला लागलं. मधल्या काळातल्या काही रुपयांवर नक्षीत बारीक ठिपके आहेत, ते कोणत्या वर्षी पाडले याची खूण म्हणून. म्हणजे आमचा रुपया १८६२ चा असेल किंवा दहा वर्षांनंतरचाही असेल. १८७७ पासून मात्र ओळखायला सोपं: 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं.

आता पहिला प्रश्न. नाण्यावर दिसणारी खूण कुणी आठवण म्हणून कोरलेली आहे, की मुळातच तिथे होती? इथे भलेभले फसतात. मुंबई टांकसाळीच्या अनेक रुपयांवर एक इवलासा 'बी' असतो, नक्षीत किंवा कमळात लपलेला. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणून नुसता उठावाचा ठिपका आहे. एका गृहस्थांनी मला तो 'बी' दाखवून "आमच्या पणजोबांचं नाव बाबूराव, त्यांचंच अक्षर" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. मी चहा पिऊन परत आलो. त्याहून जुन्या, हाताने पाडलेल्या रुपयांवर, म्हणजे अंकुशाची खूण असलेले मराठेशाहीतले अंकुशी वगैरे, सराफांचे ठोके असतात: फूल, चांदणी, चंद्रकोर, नुसती टिंबं. चांदी आतपर्यंत खरी आहे ना हे तपासून सराफ आपली खूण ठोकायचा. अशा खुणा एका नाण्यावर पाच-सहा आणि कशाही विखुरलेल्या असतात. आठवणीचं कोरकाम जागा बघून, सरळ धरून केलेलं असतं.

तिसरी गल्लत साताऱ्याकडे जास्त होते, कारण फौजेतली घरं. 'मोठा रुपया' म्हणून जपलेली वस्तू पुष्कळदा नाणं नसतेच, पदक असतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, ३६ मिलिमीटरचं. रुपया साडेतीसच्या आसपास. पदकावर पंचम जॉर्जचं डोकं उघडं आहे, रुपयावर मुकुट आहे. वरची दांडी तुटून पडली की पदक नाण्यासारखंच दिसतं. ते उभं धरून कड बघायची. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते, इंग्रजी अक्षरांत, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तशा स्पेलिंगने. पलटणीचा आकडाच साल सांगतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे आकडे १९०३ ते १९२२ या काळातले. १९२२ च्या फेररचनेत ते गेले आणि पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे त्या युद्धाचा स्मृतिस्तंभच उभा आहे, असं 'नाणं' सापडलं तर ते सराफाकडे न्यायच्या आधी कड वाचा, एवढी हात जोडून विनंती.

फौजी घरांत परदेशी नाणीही निघतात. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनला लढल्या, मग इटलीत. त्या मुलखातून आलेल्या सामानात एक जाडजूड चांदीचं नाणं असू शकतं, भरदार बाई आणि खाली १७८० साल. हा मारिया तेरेझाचा थेलर. अठ्ठावीस ग्रॅमचा. ती राणी १७८० मध्ये वारली, आणि तेव्हापासून हे नाणं कुठेही, कधीही पाडलं तरी साल तेच घालतात, कारण अरबस्तान आणि हबसाणातल्या (आजच्या इथिओपियातल्या) व्यापाऱ्यांना दुसरं चालत नसे. १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतला थेलर अडीचशे वर्षांचा म्हणून कुणी नाचायला लागला तर नाचू द्यावं, पण पैसे देऊ नयेत.

आता कोरकामाकडे. एक दहापटीचं भिंग घ्या, सराफकट्ट्यावर मिळतं. भिंगाशिवाय बोलण्यात अर्थ नाही. टांकसाळीची बहुतेक अक्षरं उठावाची असतात, ठशाच्या दाबाने वर आलेली. माणसाने कोरलेलं अक्षर खोल जातं. खोल कसं गेलंय, ते बघायचं.

आपल्या घरात या विद्येची शाळाच आहे: मांडणीवरची भांडी. लग्नातले तांबे, पराती, पितळी डबे काढा. त्यांवर 'यांजकडून सप्रेम भेट' आणि तारीख असतेच. जुन्या भांड्यावरचं नाव हातोडी आणि बारीक टोकाच्या छिन्नीने ठिपके ठोकत घातलेलं आहे. प्रत्येक ठिपका वेगळा, कुठे खोल, कुठे उथळ, वळणावर ठिपके दाटलेले, शिरोरेघ पुढे पुढे किंचित खाली कललेली. नंतरच्या भांड्यांवर विजेच्या पेनाने नाव घातलं. तिथे रेघ थरथरते, पण ती थरथर एकसारखी, शिवणयंत्राच्या टाक्यासारखी. हे दोन हात एकदा डोळ्यांत बसले की नाण्यावर तेच ओळखता येतात, कारण गावाकडे नाण्यावर नाव घालणारा बहुधा भांड्यावर नाव घालणाराच. त्याच्याकडे तीच छिन्नी, तेच अक्षर. आमच्या रुपयावरचा 'गो' आणि घरातल्या एका तांब्याच्या घागरीवरचा 'गो' मी शेजारी ठेवून पाहिले. काना सारखाच वाकडा. तोच माणूस असेल असं शपथेवर नाही सांगत, पण हात त्याच घराण्यातला.

सोनाराचं काम वेगळं दिसतं. तो ठिपके ठोकत नाही, हत्याराने चांदी काढत जातो. भिंगाखाली त्या रेघेची चर दिसते: दोन्ही भिंती गुळगुळीत, चकाकत्या, तळाशी टोकदार, सुरुवातीला केसासारखी बारीक आणि मध्ये रुंद. रेघ संपते तिथे धातूचा बारीक कोंब उभा राहिलेला असतो. जुन्या कामात तो घासून बसलेला असतो, नव्यात बोटाला टोचतो. आणि हल्लीचं लेसरचं काम? त्यात धातू बाजूला सरकत नाही, जळतो. तळ राखाडी, खरखरीत, भिंगाखाली एकमेकांना समांतर बारीक ओळी. 'पणजीच्या लग्नातला रुपया' म्हणून विकायला आलेल्या नाण्यावर हे दिसलं तर पणजीचं लग्न गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं समजावं.

झीज हा दुसरा साक्षीदार, पण त्याला उलटतपासणी लागते. सरसकट सांगतात की राणीचा चेहरा झिजलाय आणि अक्षरं टोकदार आहेत म्हणजे अक्षरं नवीन. तसं नाही. चेहरा नाण्याचा उंच भाग, आधी तोच झिजणार. कोरलेलं अक्षर खोलात बसलेलं, त्याला कपडा लागतच नाही. म्हणून चरीचा तळ बघू नका, चरीचा काठ बघा. मोकळ्या पृष्ठभागावरचे जुने ओरखडे अक्षराच्या काठावरून पलीकडे गेलेत का? ओरखडा अक्षरावर येऊन थांबत असेल आणि पलीकडे पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा आधी ओरखडा, मग अक्षर. काठ गोल, मऊ झालेला असेल तर अक्षर अंगावर वागवलं गेलंय. चरीत साठलेला काळा थर बाकीच्या नाण्यावरच्या थराशी जुळतो का तेही पाहा.

हा शेवटचा पुरावा आमच्या रुपयावर उरलेला नाही आणि त्याचा गुन्हेगार मीच. आठवीत असताना धनत्रयोदशीला मी तो चिंच आणि राखेने घासून आरशासारखा करून ठेवला. आजी काही बोलली नाही, फक्त परत घेताना उलटासुलटा करून बराच वेळ बघत राहिली. तेव्हा चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काही म्हणजे काही लावू नका. फार माती असेल तर साधं पाणी आणि मऊ फडकं. अक्षरं दिसत नसतील तर अंधार करून बॅटरीचा झोत अगदी आडवा टाका, नाणं थोडं थोडं फिरवत मोबाईलवर फोटो काढा. सावलीत अक्षरं उठून दिसतात.

वजनाचं सोपं आहे. कंपनीपासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. बंदा रुपया म्हणजे हा. जुनी माणसं 'कलदार' म्हणतात, यंत्रावर पाडलेला म्हणून. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा, वाघाचं चित्र असलेला. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. घरी टंच बघायचा असेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. जुन्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की १०.३ येतं, ती त्या चांदीची घनता. निम्म्या चांदीच्या रुपयाला साडेनऊ येईल. कडीमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, ते धरून चालायचं. वाजवून बघण्यावर मात्र फार भिस्त नको. कडी झाळलेला रुपया खरा असला तरी खणखणत नाही, बद्द वाजतो. बिचाऱ्या किती खऱ्या रुपयांना या एका कारणाने खोटं ठरवलं असेल!

लक्ष्मीपूजनासाठी सराफ जी राणीछाप नाणी विकतात ती बहुधा बरोबर दहा ग्रॅमची किंवा वीस ग्रॅमची असतात. त्यावर कुणी प्रेमाने नाव घातलं असेल तर ती आठवण खरीच, फक्त राणीच्या काळातली नाही.

एका बाजूचं चित्र पूर्ण घासून सपाट केलेलं, त्यावर गुंतवळीची इंग्रजी आद्याक्षरं असलेलं नाणं हाती आलं तर ते बहुधा आपल्याकडचं काम नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात प्रेमाची खूण म्हणून अशी नाणी देत, कधी सहा पेन्सचं नाणं इंग्रजी 'एस'सारखं वाकवून. ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी तर जाताना तांब्याची पेनी घासून, त्यावर नाव, शिक्षेची वर्षं आणि दोन ओळी ठोकून घरच्यांना देऊन जात. १७९७ ची जाड पेनी त्यांना सोयीची पडे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून जास्त नाणी आहेत. आपल्याकडे मी पाहिलेल्या नाण्यांत राजा-राणीचं डोकं घासलेलं क्वचितच. मोकळ्या जागेत, जमेल तसं, दोन-तीन अक्षरं. कदाचित रुपयाचा रुपयापणा मोडायचा नसावा; अडचण आली तर कडी तोडून तो चालवता यायचा.

साल कोणतं, इथे आमचं कोडं सुटलं. जुन्या मराठी घरात साल म्हटलं की इंग्रजीच असं नाही. शके असेल तर ७८ मिळवायचे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे. कोरणारा प्रत्येक वेळी 'शके' लिहितोच असं नाही, जागा कुठे असते? '१८४६' ला ७८ मिळवले की १९२४. म्हणजे राणीच्या जमान्यातला रुपया पंचम जॉर्जच्या काळात पेटीतून बाहेर काढून त्यावर नाव घातलं होतं. कोरणाऱ्याला लिहाय-वाचायला उत्तम येत होतं. शके वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारी ते गुढीपाडवा या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, हेही ध्यानात ठेवा. इजिप्त किंवा तुर्कस्तानातून आलेल्या नाण्यावरचं हिजरी साल तर बहुधा सुलतान गादीवर आला त्याचं असतं. ते कितवं राज्यवर्ष, याचा छोटा आकडा वेगळा दिलेला असतो. तो मिळवल्याशिवाय खरं साल हाती येत नाही.

अक्षर मोडीतही असू शकतं. वाकडी वळणं दिसली म्हणून 'नक्षी' म्हणून सोडू नका, मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

आणि नाव. 'चि.' म्हणजे धाकटं माणूस, 'ती.' म्हणजे वडीलधारं, 'कै.' असेल तर नाणं गेलेल्याच्या आठवणीचं. 'सौ.' पुढचं नाव सासरचं. आमच्या वंशावळीत 'गो' कुणीच नव्हतं. गोविंद नाही, गोपाळ नाही. काकांनी भाऊबंदांची चार घरं पालथी घातली. शोध पुरुषांच्याच यादीत चालला होता, आणि ती यादीच चुकीची होती. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की मुलीचं माहेरचं नाव पुढच्या पिढीच्या तोंडून पुसलंच जातं. नात्यातली एक म्हातारी आत्या हयात होती, तिला फोन केला. तिने एका दमात सांगितलं की तुमच्या आजीला माहेरी गोदी म्हणायचे, आणि तुम्हाला हे ठाऊक नाही? आजीचा जन्म १९२४ चा. रुपया तिच्या बारशातला.

त्यामुळे नाव जुळलं नाही तर आधी आजी, पणजी, चुलत आजी यांची माहेरची नावं विचारा, आणि ती सांगणारं माणूस असेतोवर विचारा. नाणं कुणी दिलं, कोणत्या पेटीत होतं, बरोबर काय होतं, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ ठेवा. चिठ्ठी नाण्याला चिकटवू नका. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर त्याचा कायदा वेगळा, १८७८ चा. दहा रुपयांच्या वरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते.

कोइमतूरचा चुलतभाऊ आता मुशीत टाकायच्या आधी मोड म्हणून आलेली नाणी वेगळी काढून फोटो पाठवतो. गेल्या महिन्यात चांदीची दुआणी, म्हणजे दोन आण्यांचं नाणं, आली होती, नखाएवढी. चांदीच्या म्हणजे १९१७ पर्यंतच्या, पुढे दुआणी चौकोनी, गिलटाची म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रणाची झाली. वजन १.४६ ऐवजी १.२, दोन भोकं शेजारी शेजारी, बटणासारखी, आणि दोहोंच्या मध्ये ठिपक्यांनी घातलेलं एकच अक्षर: 'आ'. विकणारी बाई जतची होती. भावाने तिला अक्षर दाखवून विचारलं, तर ती म्हणाली, असेल कुणीतरी, आणि वजन किती भरलं ते विचारलं. तिला वजनाचे पैसे देऊन भावाने ती बाजूला ठेवली आहे. 'आ' म्हणजे आई की आनंदी की आत्माराम, ते अजून कळलेलं नाही.